अडतिसाव्या मिनिटाचा ठसा

चोवीस डिसेंबरच्या सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सोसायटीचे अध्यक्ष स्टायनार मोएन यांचा संदेश सर्व सभासदांच्या फोनवर आला. रात्रीतून चाळीस सेंटिमीटर बर्फ पडला आहे, सणामुळे ट्रॅक्टरवाला येणार नाही, तेव्हा नऊ वाजता श्रमदान. श्रमदान संपूर्णपणे ऐच्छिक असून कोणीही मनावर दडपण घेऊ नये, असे त्यात लिहिले होते. हजेरीची यादी केवळ कॉफीचा अंदाज यावा म्हणून ठेवली जाईल, असेही लिहिले होते.

गुद्रुन हाउगलीने संदेश दोनदा वाचला. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या या बाईला ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ ठाऊक होता. एकतीस वर्षे याच सोसायटीत राहिल्यामुळे त्याचा वापरही ठाऊक होता. सहा वर्षांपूर्वी एका गृहस्थाने कंबरदुखीचे कारण देऊन श्रमदान चुकवले होते. त्याला कोणी एका शब्दाने दुखावले नाही. भेटेल तो फक्त कमरेची चौकशी करत राहिला. शेवटी तो घर विकून दुसऱ्या गावी गेला.

अडचण अशी, की नऊ वाजताच टीव्हीवर तो चित्रपट लागणार होता. लोकरीच्या बाहुल्यांचा, एकावन्न मिनिटांचा: दीपगृह सांभाळणारे एक पाणमांजर आणि दिशा विसरलेला एक समुद्रपक्षी. दर वर्षी याच सकाळी सारा देश तो पाहतो. गुद्रुनला त्यातला नाताळचा संदेश भाबडा वाटे आणि दीपगृहाच्या भिंगाची रचना साफ चूक वाटे. ती अडतिसाव्या मिनिटाची वाट पाही. तिथे पाणमांजराच्या मेणाच्या नाकावर, जेमतेम सेकंदभर, बाहुली हलवणाऱ्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा दिसतो. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत हात लावला आणि पुसायचे विसरला. सबंध चित्रपटातला तेवढाच पुरावा तिला विश्वासार्ह वाटे.

यंदा वाहिनीने जाहीर केले होते, की पुढील वर्षापासून चित्रपट ‘निर्दोष’ करून दाखवला जाईल. इंटरनेटवर निर्दोष प्रत आलीही होती. गुद्रुनने ती तपासली होती. नाक चकचकीत होते. घरची जुनी कॅसेट तळघरातल्या ओलीने कधीच गिळली होती. म्हणजे ठसा पाहण्याची ही शेवटची संधी होती.

“सांग ना सरळ, पिक्चर बघायचाय म्हणून,” सोफ्यावरून ऑडवार म्हणाला. तिच्या या नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि तो ऑक्टोबरच्या श्रमदानातच मोडला असल्याने त्याच्या रजेबद्दल कोणाला शंका नव्हती.

“आणि मग मरेपर्यंत ‘पिक्चर कसा होता गं?’ ऐकत बसू? तुझं बरंय, तुझा पाय मोडलाय.”

तिने पाकिटाच्या मागे गणित मांडले. अंगण तीनशे साठ चौरस मीटर, ताजा बर्फ घनमीटरला ऐंशी किलो, माणसे चौदा. माणशी सव्वाआठशे किलो, म्हणजे सुमारे दोनशे फावडी. मिनिटाला दहा धरली तर एकवीस मिनिटे. नऊ पंचवीसला घरी. ठशाआधी तेरा मिनिटे शिल्लक.

गणित चुकले, पण उलट्या बाजूने. बर्फ सोळा मिनिटांत संपला. तेरा शेजारी असे काही फावडे मारत होते, की जणू प्रत्येकाला कुठेतरी पोहोचायचे होते. तसे ते होतेच. नऊ वाजता काय लागते हे सर्वांना माहीत होते. ते स्टायनारलाही माहीत असणार, तरी त्याने नऊच ठरवले म्हणजे काही सबळ कारण असणार, असे प्रत्येकाने धरले आणि होकार कळवला. कोणीतरी हरकत घेईल आणि आपण अकरा करू, या भरवशावर स्टायनारने नऊ लिहिले होते. हरकत आली नाही. आपल्या इच्छेसाठी इतरांचा खोळंबा करणारा माणूस या सोसायटीत अजून जन्मला नव्हता.

आता स्वच्छ अंगणात चौदा माणसे फावड्यांवर रेलून उभी होती आणि पहिला कोणीच निघत नव्हता. मग कोणीतरी कचऱ्याच्या खोलीची वाट सुचवली. सर्वांनी ती कल्पना उत्तम ठरवली. त्यानंतर बाके मोकळी झाली, ज्यांवर मे महिन्यापर्यंत कोणी बसत नाही. नऊ एकतीसला ते मुलांच्या वाळूच्या खड्ड्यातला बर्फ काढत होते. सोसायटीत मूल नव्हते.

गुद्रुनने फावडे बर्फात रोवले.

“मी घरी चालले. मला पिक्चर बघायचाय.”

स्टायनारने रुग्णाशी बोलावे तशा मऊ आवाजात म्हटले, “जा की. ऐच्छिकच आहे सगळं.”

ती गेली. पाठीवर तेरा नजरा होत्या; त्यांत राग किती आणि मत्सर किती, हे मोजण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. बूट न काढताच ती सोफ्यावर बसली. तिने दिवाही लावला नाही. छत्तिसावे मिनिट. सदतिसावे.

“आता,” ऑडवार पुटपुटला.

पाणमांजराने मान वळवली. नाकावर ठसा होता: तिरपा, जरासा मळका, मधली वळणे स्पष्ट. मग दीपगृहाचा दिवा फिरला आणि नाक अंधारात गेले. गुद्रुनने रोखलेला श्वास सोडला.

तेव्हा तिला मागून खरखर ऐकू आली. तिने वळून पाहिले. टीव्हीच्या अगदी समोरच्या, तळमजल्यावरच्या तिच्या खिडकीखाली, जिथला बर्फ एकतीस वर्षांत कोणी काढला नव्हता, तिथे तेरा माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती. फावडी हलत होती. नजरा पडद्यावर होत्या.

शेजारच्या बोर्गहिल्डने काचेवर टकटक केले.

“जरा आवाज वाढव ना गं. या फावड्यांपुढे काही ऐकू येत नाही.”

गुद्रुनने आवाज वाढवला आणि खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सरकवला.

दुपारी अध्यक्षांचा संदेश आला. श्रमदान यशस्वी झाले होते. वैयक्तिक कारणास्तव लवकर गेलेल्या एका सभासदाबद्दल कोणाची काहीही तक्रार नव्हती. हाउगलींच्या खिडकीखालच्या पट्ट्याकडे आजवर दुर्लक्ष झाल्याचे निदर्शनास आले असून, दर वर्षी चोवीस डिसेंबरला नऊ वाजता, बर्फ पडो अथवा न पडो, तो साफ करण्याचे सर्वानुमते ठरले होते.