ओंजळभर ओढा

“अहो मुकादम, तुमच्या गावाला ओढा आहे ना?”

ओव्हरसियर सुमंतांनी सहज विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच गहिनीनाथला तो प्रश्न जास्त लागला. मोटारतळाच्या फाटकाशी तो रॉकेलचे दोन रिकामे डबे घेऊन उभा होता. कावड खांद्यावर, नजर नळावर.

“हाय की, साहेब.”

“मग नळाचं पाणी कशाला?”

“लेकीला बाळंत होऊन सव्वा महिना झाला. आज आसरा पुजायच्या. उद्या सासरची मान्सं न्यायला येनार.”

“आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, त्यांना ओढ्याचंच पाणी लागतं ना? आमची आई तर…” सुमंत बोलता बोलता थांबले. गहिनीनाथचा चेहरा पाहून थांबले असावेत. “घ्या, घ्या. तुम्हाला कोण अडवणार? हा तळ तुम्हीच तर उभा केलात.”

नळ मोठा होता. डबे भराभर भरले. तेवढ्या वेळात गहिनीनाथनं खाली पाहिलं नाही. खाली डांबर होतं. त्याखाली गोटे होते, आणि त्यातला कुठला गोटा ओढ्यात कुठं होता, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

*

“लांबून कशाला आनता, साहेब? आमच्या ओढ्यात लई हायेत.”

हे वाक्य त्याचं. गेल्या चैत्रातलं. कोणी त्याला विचारलंही नव्हतं.

लढाईच्या गाड्यांसाठी जामखेड रस्त्याला लागून तळ बांधायचा होता. जागा म्हणजे गावाच्या वरचा माळ. कुसळी गवत, खाचखळगे, दोन-चार बाभळी. कुणाच्या फारशा कामाचा नाही असा तो माळ होता. पावसाचं पाणी त्यात मुरे आणि पार चैत्रापर्यंत खाली ओढ्यात पाझरत राही. पण ते काम माळ कुणाच्या डोळ्यांदेखत करत नव्हता. कंत्राटदाराला दगड हवा होता, लवकर हवा होता. गहिनीनाथनं ओढा दाखवला आणि मुकादम झाला.

बैलगाड्या ओढ्यात उतरल्या. आधी गोटे गेले, मग वाळू. छगन गाडीवान गाडीचा साटा भरताना ओरडला, “मुकादम, ओढ्याचे दात पाडताय व्हय?”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं गहिनीनाथ हसला. म्हणाला, “दुधाचे दात हायेत ते, छगन! पुढल्या पुरात नवे येतील.”

माळावर गोटे पसरले, त्यावर खडी, वर डांबर, आणि रोलर. रोलर फिरला की गावातली भांडी फळीवर थरथरत. पाणी वाहून जायला दगडी गटार बांधलं, त्याचं तोंड थेट ओढ्यात काढलं. ती जागाही त्यानंच दाखवली.

*

“पक्कं केलंस रं, भल्या मानसा!”

हे बनुबाईनं म्हटलं होतं. गावातली निम्मी माणसं या म्हातारीच्या हातावर जन्मलेली. गहिनीनाथही.

पहिला पगार हातात आला तेव्हा त्याला वाटलं, ओढ्याचंही काही देणं लागतो आपण. साती आसरा, म्हणजे शेंदूर लावलेले सात दगड, ओढ्यातल्या झिऱ्याच्या, म्हणजे पाझराच्या, काठाला चिखलात बसलेले होते. पिढ्यान् पिढ्या ओल्यात. “देवीनं चिखलात बसायचं, बरं दिसतं का?” असं म्हणून त्यानं तळावरचे उरलेले दगड आणले आणि झिऱ्यावरच चौथरा बांधला. सांधे डांबरानं भरले. सातही दगड वर नीट ओळीनं मांडले.

गावानं नारळ फोडला. त्याला गंध लावलं. राहीबाईनं, त्याच्या बायकोनं, चार ठिकाणी सांगितलं की आमच्या ह्यांनी आसरांना घर बांधलं.

झिरा कुठं गेला, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. चौथरा फार सुरेख दिसत होता.

*

“मुकादम, आदी तुमी जावा.”

हे बायका म्हणतात. अजून म्हणतात.

पावसाळ्यात तळावरचं पाणी उधळलेल्या जनावरांसारखं गटारातून आलं. एका दुपारी ओढा दरडीवर चढला, काठावरची दोन वावरं खरवडून गेला. पाण्यावर तेलाचे रंग तरंगत होते. पोरं ते बघायला जमली. दुसऱ्या सकाळी पाणी ओसरून गुडघ्याला आलं. दसऱ्याला डबकी उरली, दिवाळीनंतर तीही नाहीत. बायकांनी झिरे उकरायला घेतले, तर हाताला खडक लागला. वाळूच नव्हती.

आता पौष. बायका शेजारच्या गावच्या विहिरीवर जातात, उन्हं वर येईतो परततात. पाऊलवाटेवर गहिनीनाथ समोरून आला की भरल्या घागरी डोक्यावर घेऊन त्या बाजूला होतात, त्याला वाट देतात. एकीनं जरी शिवी घातली असती…

एकीनंही घातली नाही.

*

“आबा, इथंच पुजायचं?”

चांगुणा ओढ्याच्या काठावर उभी होती. हिरवं लुगडं, हातात हळदकुंकवाचं ताट, काखेत तांब्या. पहिलं बाळंतपण. वाहत्या पाण्याला कुंकू लावायचं, तांब्या भरून घरी न्यायचा, तोवर बाळंतिणीनं माठाला हात लावायचा नाही. ताटात दिवा होता. मागं राहीबाई बाळ घेऊन, तिच्या शेजारी बनुबाई.

“इथंच,” गहिनीनाथ म्हणाला. त्यानं कावड उतरवली आणि पहिला डबा चौथऱ्यावर रिता केला.

पाणी सात दगडांना वळसा घालून, उतारावरून, खालच्या खडकावर पडलं आणि एका भेगेत शिरलं. वर नुसती काळी ओल राहिली. चांगुणानं बोट कुंकवात बुडवलं होतं, ते तसंच अधांतरी.

“ऱ्हात न्हाई, आबा.”

दुसरा डबा त्यानं बेतानं ओतला. हातानं बांध घालून पाहिला. पाणी हाताखालून गेलं. त्यानं काम चोख केलं होतं. पाणी कुठं ठरू नये असंच केलं होतं. डब्याच्या तळाला थोडंसं उरलं तेव्हा तो थांबला.

“ताटात घ्या,” राहीबाई हळूच म्हणाली.

“ताटातल्या पान्यात आसरा येत्यात व्हय?” बनुबाई म्हणाली. “सासरची उद्या इचारतील, कुठं पुजलं म्हून.”

गहिनीनाथ ओढ्यात उतरला. उघड्या खडकावर त्यानं गुडघे टेकले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

“ह्यात वत, मावशे.”

बनुबाई खाली आली. डबा उचलायच्या आधी वाकून तिनं त्याचे हात पाहिले.

“धुतलंस का?”

“धुतल्यात.”

“मग हे काळं काय नखांत?”

“निघत न्हाई ते.”

म्हातारीनं डबा कलता केला. ओंजळ भरली.

चांगुणा समोर बसली. तिनं पाण्याला हळद लावली, कुंकू लावलं. लाल रंग हळूहळू पसरला. तिनं दिवा ओवाळला. करंगळीच्या बुडाशी पाणी झिरपत होतं, कोपरापर्यंत ओघळत होतं. गहिनीनाथनं बोटं आवळली, तरी झिरपतच होतं.

“बिगी कर, पोरी.”

ती घाईनं वाकली. तिचं कपाळ त्याच्या बोटांना टेकलं. बापाला नव्हे, पाण्याला नमस्कार होता तो. तरी त्याला वाटलं, हात ओढून घ्यावेत. घेता आले नाहीत. पाणी सांडलं असतं.

मग तिनं तांब्या खाली धरला आणि त्यानं ओंजळ तिरपी केली.

“एवढंच?” ती म्हणाली. विचारून झाल्यावर तिनं ओठ चावला.

“एवढंच.”

तिघी दरड चढून गेल्या. चांगुणानं तांब्या भरलेला असल्यासारखा कमरेवर जपून धरला होता, वर पदर टाकला होता. वाटेवर विहिरीकडून येणाऱ्या बायका बाजूला झाल्या आणि तिला जायला वाट दिली.

गहिनीनाथ खडकावर तसाच बसून होता. ओंजळ रिकामी झाली होती, पण त्यानं ती मोडली नाही. मोडल्यावर हात कुठं ठेवायचे, हे त्याला सुचत नव्हतं.