राजवाड्यातली ताई

या, जरा पुढे सरकून बसा. एका भावाची गोष्ट सांगतो. ती लांबून ऐकण्यासारखी नाही.

राजवाड्याच्या दारात आपल्या गोष्टीतले भाऊ, एका कचेरीतले हेडक्लार्क, उभे होते आणि मनातल्या मनात देवाला साकडं घालत होते, 'आज ताईची सुट्टी असू दे.' सोबत होणारे व्याही आणि विहीणबाई. लेकीचं लग्न ठरल्यातच जमा होतं. बोलणी चालू असताना विहीणबाईंनी सहज विचारलं होतं, "तुमच्या ताई काय करतात?" आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "राजवाड्यात असते. तिथली सगळी व्यवस्था तिच्याकडेच." झालं! व्याह्यांनी राजवाडा बघायचा घाटच घातला.

ताईकडे व्यवस्था होती ती बुटांची. जुन्या फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून राजवाडा बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटांवर कापडी खोळ चढवायची, नाडी बांधायची, जाताना सोडायची. आई गेल्यावर ज्या ताईने या भावाला कडेवर घेऊन वाढवलं, ती तीस वर्षं त्या दारात वाकून होती.

ती आजही तिथेच होती. भावाला बघून तिचा चेहरा असा काही उजळला! "अरे," एवढंच ती म्हणाली, तोच हेडक्लार्कांनी मान वर करून छताकडे पाहिलं. "वा, काय नक्षी आहे हो!"

छताला नक्षी नव्हती. नुसता चुना होता.

"यांची थोरली बहीण इथे मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे," पाय पुढे करत विहीणबाई ताईलाच विचारू लागल्या. "ओळखता का तुम्ही?"

ताईने नाडीची गाठ मारली. मग सावकाश म्हणाली, "ओळखते की. फार शिस्तीच्या बाई. पण आज नाहीत त्या, सुट्टीवर आहेत."

"घ्या! म्हणजे आमच्या वाट्याला नुसत्या राजेसाहेबांच्या तसबिरी!" व्याही हसले.

ताई भावाकडे वळली. "पाय वर घ्या, साहेब."

त्यांनी पाय वर घेतला. तिच्या डोक्यावरचे विरळ केस त्यांना वरून दिसले. फक्त 'ताई' म्हणायचं होतं. पण भजनात डोळे पुसणाऱ्या या माणसाने नुसता दुसरा पाय पुढे केला. आत सिंहासन होतं, आरसे होते. त्यांना काही दिसलं नाही. परत येताना तर त्यांनी कोपऱ्यात आडोशाला उभं राहून आपल्या खोळी आपणच ओढून काढल्या आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडले.

आठवड्याने फोन केला. "ताई, चुकलं माझं."

"काय चुकलं? पोरीचं ठरलं ना? मग झालं तर! आणि हे बघ, लग्नाला काही मी येत नाही. तुझ्या विहीणबाईंची नजर भारी तेज आहे, लगेच ओळखतील."

"असं कसं? तू ये," ते म्हणाले खरे. पण दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

लग्न थाटात झालं. सगळ्यांचा मिळून फोटो काढताना हेडक्लार्कांनी आपल्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडली होती.

"काका, सरका की!" फोटोवाला ओरडला. "मधे फट दिसतेय."

काका सरकले.

मंडळी, भावाला विसरलात तरी चालेल. त्या ताईची तेवढी आठवण असू द्या.