काचेवरचं सूत

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. नंबर मायनस सहा, काचा जाड आणि एका दांडीला दोरा गुंडाळलेला. सावली गावच्या बाजारातल्या एका दुकानात माझ्या काचा फ्रेमच्या मापाने घासल्या गेल्या, आणि त्याच दिवशी मी बापूजींच्या नाकावर बसून गावी आलो. बापूजी तलावात मासे धरत आणि जाळी विणत. माझ्याशिवाय त्यांना पाळीवरचा, म्हणजे तलावाच्या बांधावरचा, माणूस ओळखू येत नसे. जाळं विणायला बसले की मात्र ते मला काढून दाराजवळच्या खिळ्याला टांगत. जवळचं त्यांना माझ्यावाचूनच नीट दिसे, एक गाठ चुकत नसे.

पुढे त्यांना साखरेचा आजार निघाला. गावात डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट बसवून सांगितलं, "मायनस नंबरच्या डोळ्यांना साखरेचा त्रास जरा कमी होतो, असं दिसून आलंय. पण कमी म्हणजे होतच नाही असं नव्हे. दरवर्षी पडदा तपासायला या." मी नाकावरच होतो, मी सगळं ऐकलं. बापूजींनी मात्र त्यातलं पहिलंच वाक्य घरी नेलं.

मग माझं कौतुक सुरू झालं. तलावावर ते मला काढून सगळ्यांना दाखवत. "हा चष्मा नाई, माहा चौकीदार होय," म्हणत. मला ते आवडलं, हे कबूल करतो.

सून भाग्यश्री दर वर्षी आठवण द्यायची.

"मामाजी, शिबिराले चला ना."

"काऊन? मले नाई होत ते. थेंब टाकले का दिवसभर धूसर दिसते. मंग जाळं कोन विनन?"

अशी तीन वर्षं गेली. मी खिळ्यावर असे, नाहीतर नाकावर.

एका सकाळी पाळीवर उभं राहून बापूजींनी मला काढलं आणि धोतराच्या सोग्याने पुसलं. पुन्हा घातलं, पुन्हा पुसलं. घरी येऊन साबणाने धुतलं. उजव्या काचेवर जाळ्याचं काळं सूत चिकटलंय, असं त्यांना वाटत होतं. दोन दिवस ते नखाने माझी काच खरवडत राहिले. माझ्यावर काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाग्यश्रीने विचारलं, "काय करून राह्यले, मामाजी?"

"सूत अडकलं वो बाई. निघतच नाई."

तिने मला त्यांच्या डोळ्यांवरून उचललं आणि तळहातावर ठेवलं.

"आता? आता दिसते का?"

बापूजींनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "दिसते," म्हणाले.

त्याच दिवशी ती त्यांना चंद्रपूरला घेऊन गेली. डोळ्यात आत रक्त उतरलं होतं, पडदा सुटत चालला होता. उजवा डोळा गेला. डावा लेझरने वाचला. परतताना एसटीत मी खिशात होतो. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

आता माझ्या उजव्या काचेमागे अंधार आहे. बापूजी तरीही रोज दोन्ही काचा सारख्याच पुसतात.

मित्रांनो, आम्हाला जपा म्हणणारे चष्मे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला जपलं ते पुरे झालं. तुमच्या घरात कुणाला साखर असेल, तर नंबर कोणताही असो, वर्षातून एकदा त्याचा हात धरून डोळ्यांचा पडदा दाखवायला न्या. मी फक्त लांबचं दाखवतो. आतलं मला दिसत नाही.

माझ्या खिळ्याखाली भाग्यश्रीने कॅलेंडर लावलंय, त्यात पुढच्या तपासणीच्या तारखेला लाल गोल आहे. रोज सकाळी बापूजी मला खिळ्यावरून घेण्याआधी भिंतीला नाक लावतात आणि डाव्या डोळ्याने ती तारीख वाचतात.