ज्ञानेशचा उजवा पाय

चाकणला कंपनीच्या गेटसमोर, भर दुपारी पहिली शिफ्ट सुटत असताना, प्रज्वलने ज्ञानेशचा पाय मोडला. कामगार पुरवायचं कंत्राट प्रज्वलच्या हातून जाऊन ज्ञानेशला मिळालं होतं, एवढंच कारण. तिघांनी त्याला गाडीतून ओढून काढलं. दोघे त्याच्या हातांवर बसले आणि प्रज्वल लोखंडी पहारीने उजव्या नडगीवर घाव घालत राहिला. हाड कातडी फाडून बाहेर आलं, तरी थांबला नाही. गेटवरची माणसं नुसती बघत होती. ज्ञानेशला शेवटपर्यंत प्रज्वलचा चेहरा दिसत होता. त्यावर राग नव्हता. लाकडं फोडणाऱ्याचा असतो तसा घाम होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलल्या. "गुडघ्याखालून पाय काढला तर काही महिन्यांत कृत्रिम पायावर चालाल. वाचवायचा तर हाडातून आरपार तारा घालून बाहेरून लोखंडी कडी लावावी लागतील. वर्ष-दीड वर्ष जाईल, परत परत ऑपरेशनं होतील, रोज व्यायाम. आणि एवढं करून खात्री नाही."

"काढू द्या," त्याची बायको साधना म्हणाली. "मला तुम्ही चालते-फिरते हवेत."

थोरला भाऊ विलास उसळला. "आमी रहाटणीची मानसं हाय. त्या भाडखाऊनं तोडलेला पाय घेऊन हा गावातनं फिरनार व्हय?"

ज्ञानेशने डोळे मिटले, तर समोर प्रज्वल हसत होता. "पाय ठेवा," तो म्हणाला.

मग सुरू झाले हाल. तारांच्या भोकांतून पू यायचा. निगडीच्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट त्याचा घोटा वाकवायची तेव्हा तो टॉवेल दातांत धरून किंचाळायचा. दुखणं फार झालं, की मनातल्या मनात प्रज्वलची हाडं मोडायचा. त्या सूडाच्या बळावरच तो वॉकर धरून उभा राहिला, घरातल्या घरात फिरू लागला. साधनाला वाटलं, माणूस सावरला.

प्रज्वल जामिनावर सुटला आणि आठवड्याच्या आत विलासने त्याला उचलून आणलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हात बांधून टाकलं. नाक फुटलेलं, एक डोळा बंद. विलासने ज्ञानेशच्या हातात पाईप दिला.

"घे. तुझा हक्क हाय."

"भावा, चुकलं माझं," प्रज्वल रडत म्हणाला. "पाया पडतो."

ज्ञानेशने वॉकर सोडला आणि प्रज्वलच्या गुडघ्यावर पाईप हाणला. हाडाचा आवाज त्याने ओळखला. प्रज्वल गुरासारखा ओरडला आणि ज्ञानेशच्या अंगातून सुखाची शिरशिरी गेली. दुसऱ्या गुडघ्यासाठी त्याने सगळं बळ एकवटून हात उगारला, अंगाचा सारा भार उजव्या पायावर गेला. तार तुटली. नुकतंच धरू लागलेलं हाड पुन्हा मोडलं आणि तो प्रज्वलच्या अंगावरच कोसळला. दोघं एकमेकांच्या रक्तात तळमळत पडले.

साधना धावत आली. विलास म्हणाला, "फोन कुणाला करू नगंस." तिने त्याच्यादेखत रुग्णवाहिका बोलावली, मग पोलीस.

विलासला त्याच दिवशी अटक झाली. दवाखान्यात ज्ञानेशच्या खोलीबाहेर शिपाई बसला.

"पोलिसांपुढं माझं नाव का घेतलंस?" ज्ञानेशने साधनाला विचारलं.

"मारलंत तुम्ही," साधना म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं घेऊ?"

पायात जंतू पसरले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करता येईल, पण जिवाला धोका आहे. ज्ञानेशने पायाच्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहिलं. या खेपेला डोळे मिटूनही प्रज्वल दिसला नाही. दिसला तो टॉवेल चावणारा आपलाच चेहरा.

"काढा," तो म्हणाला.

पाय काढल्यानंतर एका संध्याकाळी प्रज्वलची आई, कौशल्याबाई, दारात येऊन उभी राहिली. शिपायाने हटकलं, पण साधनाने तिला आत घेतलं.

"तुला अवदसा आठवली, ज्ञानेश, तुझ्या घराचं वाटोळं होईल," म्हातारी म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं. "माझ्या पोराच्या गुडघ्याचा चुरा झालाय. डॉक्टर म्हनत्यात, ऑपरेशन करून पट्ट्या बसवू. ह्यो न्हाई म्हनतोय, भ्यालाय. आपसूक बरा होईल म्हनतो. मला कोन सांगनार? तू भोगलंयस. काय करू?"

ज्ञानेशच्या जिभेवर उत्तर आलं होतं: काही करू नका, तसाच पडू द्या. जन्मभर खुरडत राहील. म्हातारीने ते ऐकलंही असतं. साधना त्याच्याकडे बघत राहिली.

"करून घ्या ऑपरेशन," तो शेवटी म्हणाला. "टाके सुकले की गुडघा वाकवायला लावतील. तेव्हा तो शिव्या देईल, तुमच्यावर हात उगारेल. तरी वाकवायला लावा. तेव्हा सोडलात तर गुडघा कायमचा आखडेल."

कौशल्याबाई उठली. आशीर्वाद दिला नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

ती गेल्यावर साधनाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला. प्रज्वलचा दुसरा गुडघा फोडायचा राहूनच गेला, असं त्याला अजूनही वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून तो उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडला.