आठ बोटं दाब

गल्लीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती आठबोटी. हातांना बोटं दहाच होती, पण कुठल्याही पोरीचा फ्रॉक शिवायला घेतला की खाली आठ बोटं कापड आत दुमडून ठेवायची. एवढा दाब दुसरं कोणी ठेवत नसे. बायका चेष्टा करायच्या, "काय गं, पोरीचं लग्नही याच फ्रॉकात उरकायचं का?" ओठांत टाचण्या धरून ती म्हणायची, "पोर झोपेत वाढते, बाई. कापड वाढतं का?"

पहिल्या वर्षी पोटरीशी, दुसऱ्या वर्षी गुडघ्याशी, तिसऱ्या वर्षी दाब सोडा. असा एकेका फ्रॉकाचा प्रवास. शाळा उघडायच्या आठवड्यात दाब सोडून घ्यायला दारात रांग लागायची. सोडलेल्या जागी आतलं कापड कोरं निघायचं, वरचं विटलेलं, मध्ये एक रेघ. त्या रेघा मोजून पोरीचं वय सांगता यायचं. रेघेची लाज कोणालाच नव्हती. सगळ्यांच्याच घेराला ती होती.

आता कपडे तयार येतात, अर्ध्या बोटाच्या दाबाचे. आखूड झाले की टाकून देतात. शिवणयंत्रावर चादर पडलीय आणि चादरीवर औषधांचा डबा. सुई मात्र तिने सोडली नव्हती; डोळ्याला दिसेनासं झालं तरी बोटांना दिसत होतं.

त्या दिवशी दुपारी धाकटी लेक आली. पंचेचाळिशी उलटलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. चपला काढता काढताच म्हणाली, "आई, तुझ्या नातीच्या शाळेत नाटक आहे. जुन्या काळातल्या मुलीचा फ्रॉक हवाय. ट्रंकेतला तो हिरवा देशील?"

"तो नको," आठबोटी म्हणाली.

"वाटलंच होतं मला." धाकटी खुर्चीत बसली. "ताईचं सगळं घातलं मी. शाळेचे झगे, स्वेटर, अंगठ्यापाशी भोक पडलेले मोजेसुद्धा. तेवढा एक फ्रॉक कधी कोणाचा होत नाही."

थोरलीला आठवं लागलं तेव्हा शिवलेला तो फ्रॉक. दोनदा अंगावर चढला, मग ताप आला आणि चौथ्या दिवशी घर रिकामं झालं. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. आठबोटी वर्षातून एकदा फ्रॉक उन्हात घालायची, झटकायची, त्याच घडीत परत ठेवायची. आतली बाजू तिने कधी उलटून पाहिली नव्हती. पाहून काय करायचं होतं? ते आठ बोटं कापड थोरलीच्या पुढच्या वर्षांचं होतं.

तिने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग उठली, ट्रंक उघडली आणि फ्रॉक मांडीवर घेतला. "किती सोडायचाय?"

"चार बोटं."

तिने खिडकीपाशी बसून घेर उलटा केला, उसवायला सुईचं टोक टाक्यात घातलं आणि थांबली. बोट पुढे सरकवलं, मागे आणलं. हिरव्या कापडावर काळा दोरा. तांदळाच्या दाण्याएवढे लांब टाके, कुठे ओढलेले, कुठे सैल. खाली चार बोटांवर दुसऱ्या दुमडीची पुसट खूण.

"ही माझी शिलाई नाही," ती म्हणाली.

धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाली, "दहा वर्षांची होते मी. तू कापड आणायला बाजारात गेली होतीस. चार बोटं दाब सोडला, उरलेला दुमडला आणि घातला. तू येशील, बघशील, म्हणून दारात उभी राहिले."

"मग?"

"तू कोपऱ्यावर दिसलीस आणि एकदम लक्षात आलं. तुला ताई दिसली असती. मी आत पळाले, काढला, मिळेल त्या दोऱ्याने शिवून टाकला. हिरवा सापडलाच नाही."

आठबोटीच्या हातातली सुई तशीच राहिली. पस्तीस वर्षं ती ज्याला ऊन दाखवत आली, त्याच्या आत या पोरीचा हात होता.

"एक विचारू?" धाकटी म्हणाली. "गल्लीतल्या साऱ्या पोरींना तू आठ बोटं ठेवलीस. ताईचे कपडे मला पुरेनात तेव्हा मात्र दुकानातले तयार आणलेस. मैत्रिणी जळायच्या. आणि मी घरी येऊन दाब मोजायची. अर्धं बोट. मला वाटायचं, मी मोठी व्हावी असं आईला वाटतच नाही."

"अगं, काय बोलतेस हे."

"वाटायचं ते सांगते."

बाहेरून कोणाची तरी गाडी गेली, काच थरथरली. आठबोटीने फ्रॉक छातीशी धरला आणि हळूच बोलली. "तिच्यासाठी आठ बोटं ठेवली होती. त्यातलं एक बोटही तिला लागलं नाही. मग तुझं कापड समोर घेतलं की हात धजेना. म्हटलं, वाढायला जागा ठेवली की वर कोणीतरी ऐकतं. उद्याचं नाव घेतलं नाही तर तू राहशील. म्हणून दुकानात गेले. मापसुद्धा घेतलं नाही तुझं, बाई. टेप लावायची भीती वाटायची."

"हे तेव्हा सांगायचंस की गं."

"तेव्हा मलाच कुठे कळलं होतं?"

धाकटी खुर्चीवरून उठून तिच्याशेजारी जमिनीवर बसली. म्हाताऱ्या डोळ्यांपुढे या लेकीची दहाव्या वर्षाची उंची येईना. गल्लीतल्या चाळीस पोरींच्या कमरा तोंडपाठ होत्या, हिची नव्हती.

काळा दोरा तिने एकेक टाका करून काढला. चार बोटं सोडली, उरलेली चार आत दुमडली. टाचणी लावली. सुईत हिरवा दोरा ओवून कापडाशी नेला, तर टाका पडेना. दुमड सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "पूर्ण सोडून टाक हवं तर. दाब कशाला? एका दिवसाचं तर नाटक."

"नाही. पोर वाढायची आहे." तिने सुई लेकीपुढे धरली. "तू घाल टाके. माझ्याने होत नाही."

धाकटीने सुई घेतली. तिचा हात अजूनही तसाच होता; टाके लांब, वाकडे, एक इकडे एक तिकडे. दुसऱ्या कोणी अशी शिलाई घातली असती तर आठबोटीने तिथल्या तिथे उसवून हातात दिली असती. आज ती दुमड धरून बसली आणि लेकीचं बोट जसं पुढे जाईल तसा आपला अंगठा सरकवत राहिली.