सागवानी फरशीवरचे वण

टक्.

दुपारच्या निजानीज झालेल्या घरात तेवढाच आवाज झाला. दर्शीच्या वॉकरच्या एका पायाचं रबर मोज्यासकट निसटलं होतं आणि उघडी नळी सागवानी फरशीवर टेकली होती. दर्शी जागच्या जागी थिजली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आम्ही दोघींनी सासूबाईंच्या दाराकडं.

दर्शी माझी लेक. सहावं लागलंय तिला, पायांत जन्मापासून जोर कमी. कऱ्हाडचे डॉक्टर म्हणाले होते, हे वर्ष हातचं घालवू नका. रोज सपाट जागेवर चालवा, नाहीतर शिरा आखडतील आणि मग पाय सरळ व्हायचे नाहीत. उंब्रजच्या आमच्या घरात सपाट आणि लांब जागा एकच, हॉल. अंगणात खडी आहे, मागं गोठ्याचा उतार.

आणि हॉलमध्ये ही फरशी. सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, सुभेदार असताना कुठल्याशा ऑफिसर मेसमध्ये लाकडी फरशी दिसली होती. तेव्हापासून मनात होतं. रिटायर झाल्यावर बांधावरचे साग पाडून त्यांनी ती करून घेतली. गावातली माणसं चपला काढून बघायला येतात. तिची निगा माझ्याकडं. ओला पोछा चालत नाही, लाकूड फुगतं. आधी मऊ झाडूनं वाळूचा कण न् कण काढायचा, कारण पायाखालची वाळूच जास्त ओरखडते. मग कोरडं फडकं. महिन्याला जवसाचं तेल आणि मेण, लाकडाच्या रेषेनं. खोटं कशाला बोलू, दुपारच्या उन्हात ती मधासारखी दिसते तेव्हा मलाही बरं वाटतं.

वॉकर घरात आला त्या दिवशीच आत्याबाईंनी, सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते, सांगून टाकलं होतं की लाकडावर न्हाई. म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून वॉकरच्या पायांना बांधले, वरून मोजे चढवले. घर झोपलं की आम्ही चालायचो. नीट चालायच्या आधी माझी लेक आवाज न करायला शिकली. आदल्याच दिवशी ती खिडकीपासून देवघरापर्यंत गेली होती, मध्ये कुठं न थांबता. पोचल्यावर हसली, तेही तोंडावर हात धरून.

आत्याबाई बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नाहीत. खाली बसून त्यांनी फरशीवर बोट फिरवलं आणि नखाएवढा वण शोधून काढला.

"लाकडाला वण पडला की जन्माचा," त्या म्हणाल्या. "पोरीचं काय, चालली काय न् न्हाई काय."

हे दर्शीच्या तोंडावर. मग वॉकर तिच्या हातातून काढून घेतला. मी धरेपर्यंत ती खाली बसली होती. वॉकर कोठीच्या खोलीत गेला आणि किल्ली आत्याबाईंच्या कमरेला.

मामंजींना मी डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. बायकांच्या भानगडीत मला घेऊ नका म्हणाले. दर्शीच्या बाबांना फोन लावला, ते फौजेत, लडाखला. आईला दुखवू नको, सुट्टीला आलो की बघू, म्हणाले. शेवटी मी आत्याबाईंचे पाय धरले. त्यांनी पाय मागं ओढले आणि म्हणाल्या, हात तेलकट हायेत तुजे.

तेव्हापासून दर्शी बुडावर सरकत फिरते. शेजारच्या शालूबाई आल्या होत्या, त्यांना आत्याबाईंनी दाखवलं.

"बघा की, फुकटात फरशी पुसून निघतीया."

शालूबाई हसल्या. दर्शीही हसली, सगळे हसतायत म्हणून.

त्या वणावर मी अक्रोडाचा गर घासला, बोटानं ऊब दिली, कोरड्या फडक्यानं पुसलं. लाकडानं वण पिऊन टाकला. दर्शी शेजारी बसून बघत होती. मग त्याच हातांनी मी तिच्या पोटऱ्या चोळल्या. त्या मात्र दिवसेंदिवस घट्टच होत चालल्यात. डावी टाच आता जमिनीला टेकत नाही.

परवा नणंदबाई राजेश्वरी शिरवळहून आल्या, शिवतेजला घेऊन. तो दर्शीच्याच वयाचा. मामंजींनी नातवासाठी नवी सायकल आणून ठेवली होती. अंगणात खडी टोचंल म्हणून ती हॉलमध्ये आली. आत्याबाईंनी स्वतः टीपॉय बाजूला सारला. पोरगं गोल गोल फिरत सुटलं, मामंजी टाळ्या वाजवत होते. खिडकीजवळ वळताना सायकल आडवी झाली आणि पायडलनं हातभर लांब ओरखडा काढला.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या शिवतेजचं कोपर तपासत होत्या.

"पोराची जात हाय, खेळणारच," त्या म्हणाल्या. "पूस गं तेवढं."

मी अक्रोड घेऊन गुडघ्यांवर बसले. हातभर ओरखडा, वेळ लागतो. मागं सायकल पुन्हा फिरायला लागली होती. दर्शी सरकत सरकत माझ्याजवळ आली. आधी तिनं नव्या ओरखड्यावर बोट फिरवलं, अगदी आजीसारखं. मग थोडं पलीकडं, आपल्या जुन्या जागेवर. तिथं बोटाला काहीच लागलं नाही. तिनं पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून, आवाज न करता बोलायची सवय लागलीय तशी, विचारलं,

"आई, माझा वण तर गेला की. मग आजी माझा वॉकर का देत नाही?"