पडद्यामागची साक्ष

हाँगकाँगची मोकळीक आवळली गेली तेव्हा तिथून निसटलेल्यांना अमेरिकेत आसरा मिळावा, असं एक विधेयक तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, समितीपुढे आलं होतं. अमेरिकेतल्या हर्नडन गावची नीलांबरी समितीच्या ऑफिसात त्याच्या मसुद्यावर काम करत होती. साक्षीसाठी तिने मिस लामना शोधून काढलं.

लाम हाँगकाँगच्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या. नष्ट करायच्या पुस्तकांची यादी आली, तशी त्यांनी ती पुस्तकं गुपचूप मुलांना वाटून टाकली आणि विमान गाठलं. म्हातारी आई मागे राहिली. तिला त्रास नको म्हणून साक्ष निनावी, पडद्याआडून होणार होती. ही गोष्ट त्या दोघी आणि ऑफिसातले आणखी दोघे, एवढ्यांनाच ठाऊक.

सुनावणीच्या सकाळी दोघी आतल्या खोलीत बसलेल्या असताना लामचा फोन वाजला. आईचा होता. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्पीकर लावला आणि त्या आईचं बोलणं नीलांबरीला हलक्या आवाजात इंग्रजीत सांगू लागल्या.

"म्हणतेय, तुझ्या खोलीला खिडकी नाही, थंडी वाजत असेल. पडदा राखाडी आहे. पण पडद्यामागूनही आवाज ओळखू येतो, बाळा."

नीलांबरीने दाराकडे पाहिलं. सुनावणीच्या दालनातला राखाडी पडदा जेमतेम अर्ध्या तासापूर्वी उभा केला होता.

म्हातारीचा आवाज सपाट होता. दर वाक्यानंतर ती थांबे, आणि कागद उलटल्याची सळसळ ऐकू येई.

"आई, घरात कोण आहे?"

"पाहुणे. चहा घेतायत." मग आवाज एकदम बदलला, घाईचा झाला. "मला सांगायला लावलेलं सांगून झालं. आता तू तुझं सांग."

फोन कट झाला.

"आपण कॅन्सल करू," नीलांबरी म्हणाली. "मी बोलते सगळ्यांशी."

"नको. पडदा काढायला सांगा."

"आणि आई?"

"तिनेच सांगितलं ना?"

लामनी सगळ्यांसमोर बसून आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आईचं. त्याच आठवड्यात नीलांबरीने मसुद्यात मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी एक कलम घातलं आणि समितीने ते मंजूर केलं. सभागृहाचं मतदान अजून व्हायचंय. बातमी कोणी फोडली ते कळलंच नाही. मीटिंगमध्ये ऑफिसातले ते दोघे समोर बसले की नीलांबरी आपले कागद पालथे ठेवते.

लाम रोज आईला फोन लावतात. पलीकडे कोणीतरी उचलतं, पण बोलत नाही. आज काय जेवण केलं ते लाम सांगतात, तब्येतीला जप म्हणतात, आणि पलीकडचा श्वास थोडा वेळ ऐकून फोन ठेवतात.